साळुंकी कुठल्या गावची

"हा माणूस एवढा वेळ गप्प का बसलाय?" मृणालताईंनी मला विचारलं.

मी हळू आवाजात सांगितलं, की तो क्लायंट आहे आणि त्याच्या मनात पोकळी आहे.

"पोकळी असेल. पण तोंड आहे ना त्याला? अकरा मिनिटं झाली. मी असते तर ॲम्ब्युलन्स बोलावली असती."

बावधनमधल्या एका रिकाम्या फ्लॅटमध्ये शूटिंगचा पहिला दिवस होता. पलंगाच्या एका टोकाला आमची नायिका, दुसऱ्या टोकाला नायक, मधे एक उशी. दिग्दर्शक ऋत्विज सर मॉनिटरसमोर डोळे मिटून बसले होते. डोळे मिटून मॉनिटर बघणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. चित्रपटाचं नाव 'अंतराचे तापमान'. विषय असा, की एक एस्कॉर्ट आहे, तिच्याकडे येणारा एक एकटा माणूस आहे, आणि दोघांमध्ये हळूहळू भावनिक जवळीक तयार होते. ती इतकी हळूहळू तयार होत होती, की पहिल्या पन्नास पानांत दोघं मिळून चार वाक्यं बोलत. त्यातलं एक 'पंखा लावू?' हे होतं.

मी तिसरा असिस्टंट. श्रेणिक मगदूम, वय चोवीस, गाव जयसिंगपूर. पहिला असिस्टंट सरांशी बोलायचा, दुसरा पहिल्याशी बोलायचा, आणि माझ्याशी कुणी बोलायचं नाही, म्हणून मला मृणालताईंशेजारी बसवलं होतं.

मृणालताई आमच्या सल्लागार. चाळिशीच्या आसपास, सुती कुर्ता, चष्मा, खांद्याला मोठी कापडी पिशवी. बघणाऱ्याला वाटावं, पोस्टात नोकरीला असतील. त्या खरोखरच एस्कॉर्टचं काम करायच्या. पुण्यातच, बारा वर्षं. मृणाल हे कामावरचं नाव, खरं नाव मला आजतागायत माहीत नाही. सरांना चित्रपटात अस्सलपणा हवा होता आणि ताईंच्या दोन अटी होत्या. एक, माझं नाव कुठे येणार नाही. दोन, माझं स्वतःचं काहीही पिक्चरमध्ये जाणार नाही. "काम कसं चालतं ते सांगेन. माझ्या घरातलं काही घ्यायचं नाही." सरांनी दोन्ही अटी मान्य केल्या आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघण्याचं काम माझ्याकडे दिलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसरी अट मीच मोडली.

पहिल्याच दिवशी मी त्यांना ताई म्हणालो. सेटवर सगळ्यांनाच दादा नाहीतर ताई म्हणायची पद्धत असते. सरांनी मला बाजूला घेतलं.

"श्रेणिक, ताई नको. त्यानं आपली बघण्याची नजर बदलते."

"मग काय म्हणू, सर?"

सरांनी विचार केला. दोन दिवस केला. मग म्हणाले, "मॅडम." तोपर्यंत अख्खं युनिट ताई म्हणायला लागलं होतं आणि एका लाइटमननं मुलाला डिप्लोमाला घालावं की बारावी करू द्यावी, हेही त्यांना विचारून घेतलं होतं.

त्या दिवशी अकरा मिनिटांचा शॉट संपल्यावर सरांनी डोळे उघडले. "मॅडम, अस्सल वाटतंय?"

"नाही," ताई म्हणाल्या. "क्लायंट बोलतो. आल्याआल्या ट्रॅफिकवर बोलतो. मग ऑफिसात आपल्याआधी कुणाला प्रमोशन मिळालं त्यावर बोलतो. दुसऱ्या भेटीला मुलगा इंजिनियरिंग सोडून गिटार वाजवतो त्यावर. तिसऱ्या भेटीला गुडघा."

"गुडघा?"

"दुखतो म्हणून सांगतो."

"आणि जवळीक? ती नेमकी कुठल्या क्षणी?"

"निघताना. 'पोचलात की मेसेज करा' म्हणायचं. निम्मे लोक तेवढ्यासाठी परत येतात. घरी कुणी म्हणत नाही त्यांना."

सरांनी पुन्हा डोळे मिटले. "सुंदर," ते म्हणाले. "पण हे शब्दांत नको. हे आपण पडद्याच्या हालचालीतून दाखवू."

मग संध्याकाळपर्यंत मी टेबलफॅन छातीशी धरून खिडकीखाली बसलो होतो आणि पडदा 'पोचलात की मेसेज करा' असा हलत होता.

आमचे निर्माते अरविंद शहाणे. त्यांची बाथरूम फिटिंगची तीन मोठी दुकानं होती. कलेसाठी काहीतरी करावं असं त्यांना पन्नाशीनंतर वाटायला लागलं होतं. पटकथेत एक गळका नळ होता, नायिकेच्या एकटेपणाचं प्रतीक म्हणून. शेठ म्हणाले, माझ्या पिक्चरमध्ये नळ गळणार नाही. सर म्हणाले, नळ गळला नाही तर एकटेपण येणार नाही. तीन तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं, की नळ शेजारच्या फ्लॅटमध्ये गळेल आणि आपल्याला फक्त आवाज येईल. शेठ दर शुक्रवारी सेटवर यायचे आणि सगळे कमोड बघून जायचे. शुक्रवारी ताई कधी यायच्या नाहीत. मी त्यांना आठवड्याचं वेळापत्रक द्यायचो, त्या ते नीट वाचायच्या आणि शुक्रवारवर फुली मारायच्या. मला वाटलं, उपास असेल.

असे वीस दिवस गेले आणि शेवट आला. म्हणजे आला नाही, तीच अडचण होती. पटकथेच्या शेवटच्या पानावर फक्त एवढं लिहिलं होतं : 'येथे दोघांमधले अंतर मिटते.' कसं मिटतं, ते लिहिलेलं नव्हतं. सरांचं म्हणणं, ते शूटिंग करता करता उमलेल. वीस दिवसांत पडदा सोडून काही हललं नव्हतं. शेठनी सांगितलं, सोमवारपर्यंत शेवट ठरवा, नाहीतर शटर ओढतो. सर शेठनीच बसवलेल्या बाथटबमध्ये कपड्यांसकट सहा तास पडून राहिले. उमललं नाही.

त्याच आठवड्यात, एकदा दुपारच्या सुट्टीत, ताई आणि मी गॅलरीत जेवत होतो. ताई घरून डबा आणायच्या. त्या दिवशी मेथी होती. समोरच्या तारेवर दोन साळुंक्या भांडत होत्या. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हे लिहू नकोस हं," त्या म्हणाल्या.

मी वही बंद केली.

"आमच्या घरी साळुंकी होती. बाबांनी पाळलेली. बाबांना दमा होता. पहाटे उठले की खोकायचे. दोन छोटे, एक लांब. तो लांब आला की आई तांब्या घेऊन आत जायची. मी नववीत असताना बाबा गेले. आई रडली नाही. सगळे म्हणाले, धक्का बसलाय. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आतून खोकला आला. दोन छोटे, एक लांब. आई उठली, तांब्या भरला, आत गेली. मी मागोमाग. पिंजऱ्यात साळुंकी."

मी घास हातात धरून बसलो होतो.

"आईला कळलं नव्हतं असं नाही. पण रोज पहाटे ती खोकायची आणि आई तांब्या नेऊन पिंजऱ्यासमोर ठेवायची. दोन वर्षं. मग एका पहाटे खोकला आला नाही. त्या दिवशी आई रडली. बाबांसाठी रडायची राहिलेली, ती तेव्हा रडली."

ताईंनी डब्याचं झाकण लावलं.

"हे मी कुणाला सांगत नाही," त्या म्हणाल्या. "तुला का सांगितलं, माहीत नाही."

पुढचे दोन दिवस मी पुण्यातून वेगळ्या चालीनं चालत होतो. चार वर्षं मी त्या शहरात होतो आणि तोवर कुणी मला पत्ता सोडून काही सांगितलं नव्हतं.

सोमवारी सरांनी सगळ्यांना पलंगाभोवती गोळा केलं. "कुणाकडे काही आहे? काहीही. एखादी आठवण, एखादा वास. ज्याचं घेईन त्याचं नाव सहलेखक म्हणून येईल."

मी चार सेकंद गप्प बसलो. हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग मी सगळं सांगितलं. साळुंकी, तांब्या, दोन छोटे, एक लांब. मेकअप दादा रडले. नायिका रडली. सर डोळे मिटून रडले, आणि मिटलेल्या डोळ्यांतूनही पाणी येतं हे तेव्हा कळलं.

"कुठून आली ही?"

"आमच्या... शेजारी होतं असं, सर. जयसिंगपूरला."

"आता ती माझी झाली," सर म्हणाले. माझ्या नावाचं पुढे काय झालं म्हणाल, तर सरांनी मला एकदा समजावून सांगितलं, की श्रेय ही फार बाहेरची गोष्ट आहे.

ताई सेटवर असताना ते शूट करणं शक्य नव्हतं. म्हणून सरांनी त्यांचं काम आदल्या दिवशीच संपल्याचं जाहीर केलं आणि युनिटतर्फे त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. एस्कॉर्ट कामातल्या प्रदीर्घ अनुभवाबद्दल महाराष्ट्रात झालेला तो बहुधा एकमेव सत्कार असावा. ताईंनी नारळ हलवून पाणी आहे का बघितलं आणि पिशवीत टाकला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी खाली वाकून बूट बांधले. मी चपला घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी नायिकेनं साळुंकी सांगितली. सरांनी त्यातून गावाचा उल्लेख मुद्दाम येऊ दिला नाही, कारण गाव आलं की वैश्विकता जाते. खऱ्या साळुंकीला परवानगी मिळाली नाही, तेव्हा तिचा खोकला डबिंगच्या वेळी मी काढला. तो माझा चित्रपटातला पहिला आवाज.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दहाला, एका फिल्म सोसायटीनं निमंत्रितांसाठी खेळ ठेवला. सोसायटीच्या पसंतीवर पुढे बाहेरच्या महोत्सवात जायचं की नाही ते ठरणार होतं. त्यामुळे शेठ सहकुटुंब आले होते, सर काळ्या कुर्त्यात होते आणि मी दारात पास तपासत होतो. डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी, त्यांच्या बायका. मोगऱ्याचा आणि हिंगाष्टकाचा मिश्र वास. दहाला दोन मिनिटं असताना माझ्यापुढे एक पास आला. त्याला धरणारा हात ओळखीचा होता.

"ताई?"

"कसा आहेस?" मृणालताई म्हणाल्या. "एकानं दिला पास. येणार नव्हते. मग म्हटलं, वीस दिवस बसले तिथं, बघू तर खरं काय केलं."

"ताई, फार कंटाळवाणा आहे. दुसऱ्या शोला या. किंवा येऊच नका."

"बावळट," असं म्हणून त्या आत गेल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या.

दीड तास मी दाराजवळ उभा राहून त्यांची मान बघत होतो. पडदा हलला. शेजारचा नळ गळला. मग नायिका नायकाकडे वळली आणि म्हणाली, "आमच्या घरी साळुंकी होती." ताईंची मान हलली नाही. दुसऱ्याच माना हलल्या. चौथ्या रांगेतले दातांचे डॉक्टर केळशीकर झोपेतून ताठ बसले. सहाव्या रांगेत कुणाच्या तरी हातातलं पाकीट पडलं. आणि माझा खोकला आला, दोन छोटे, एक लांब, तेव्हा पहिल्या रांगेत शहाणे शेठ उभे राहिले.

"थांबवा पिक्चर! ही साळुंकी..."

शेजारून शहाणेकाकूंनी वर बघितलं. "काय झालं साळुंकीला?"

"...फारच छान आहे," शेठ म्हणाले आणि बसले.

चित्रपट संपला. टाळ्या पडल्या, पण वेगवेगळ्या वेळी. सोसायटीचे अध्यक्ष प्राचार्य देवस्थळी व्यासपीठावर चढले, सरांना शेजारी बसवलं आणि म्हणाले, प्रश्नोत्तरं. पहिला हात डॉक्टर केळशीकरांचा.

"तो साळुंकीचा प्रसंग. तो तुम्हाला कुठं मिळाला?"

सरांनी डोळे मिटले. "ती माझ्या आजोळची आठवण आहे. माझ्या आजीची साळुंकी."

"आजोळ कुठलं तुमचं?"

"वाई."

"शक्यच नाही," डॉक्टर म्हणाले. "ती चिपळूणची आहे."

"माफ करा," सहाव्या रांगेतून आवाज आला. हुपरीकर, बँकेतून निवृत्त. "चिपळूण नाही. सावंतवाडी."

"अहो, चिपळूणच. मला नक्की माहीत आहे. घरामागे वाशिष्ठी नदी."

"नदी नव्हतीच! तळं होतं. मोती तलाव. तळ्यावरून पहाटेचा गारवा यायचा म्हणून तर दमा!"

"मिरज," शहाणे शेठ पुटपुटले. मनातलं बोलत असावेत, पण पहिल्या रांगेसाठी ठेवलेला माइक त्यांच्या मांडीवर होता. 'मिरज' सगळ्या सभागृहात घुमलं. "मिरजेला रेल्वे क्वार्टर्समध्ये. वडील पॉइंट्समन होते."

"वडील शाळामास्तर होते," डॉक्टर आणि हुपरीकर एकदम म्हणाले आणि पहिल्यांदाच एकमेकांकडे वळून बघितलं.

मग सभागृह असं शांत झालं, की सरांना शूटिंगभर जी शांतता हवी होती ती हीच असावी. मी कडेनं बायकांचे चेहरे बघत गेलो. त्या पुरुषांपेक्षा भराभर विचार करत होत्या.

"तुम्हाला कोणी सांगितलं हो मिरज?" शहाणेकाकूंनी विचारलं. शांतपणे, भाजी कितीला दिली असं विचारावं तसं.

"वाचलं होतं कुठंतरी."

"तुम्ही वाचता?"

प्राचार्य देवस्थळींनी परिस्थिती हाताळायचं ठरवलं. चाळीस वर्षं संस्था चालवलेला माणूस. ते उभे राहिले, दोन्ही हात पसरले. "मित्रहो, गावाला एवढं महत्त्व देऊ नका. साळुंकी ही शेवटी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच मनात असते." टाळ्या येणार असं वाटलं. पण त्यांना राहवलं नाही. "अर्थात, वस्तुस्थिती सांगायची तर ती गडहिंग्लजची आहे."

पहिली पर्स उचलल्याचा आवाज आला. मग दुसरी. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. ताईंची खुर्ची रिकामी होती. ('अंतराचे तापमान' पुढे कुठल्याही महोत्सवात गेला नाही. सर सध्या चिंचेवर माहितीपट करतात.)

ताई खाली कँटीनमध्ये सापडल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी, पुढ्यात साबुदाणा खिचडी, न खाल्लेली. मी समोर बसलो.

"ताई, चुकलो मी. तुम्ही 'लिहू नकोस' म्हणाला होतात. माझ्यावर विश्वास ठेवून तुमच्या घरातलं सांगितलंत, फक्त मला, आणि मी..."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. वर सभागृहात तीन गावं आणि एक तालुका भांडून झाल्यानंतरही मी 'फक्त मला' म्हणत होतो, हे त्यांना आधी खरं वाटेना.

"तूसुद्धा?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणाला होतात, हे मी कुणाला सांगत नाही."

"ते गोष्टीतलं शेवटचं वाक्य आहे, श्रेणिक."

मी खिचडीतले दाणे बघत बसलो.

"पण मला का? मी तर... मी तसा..."

"रियाज. वीस दिवस तुमच्याकडे नुसती बसून होते. जीभ गंजली असती माझी. शिवाय तू चांगला ऐकतोस. घास धरून ठेवला होतास, तेव्हाच मला कळलं अजून धार आहे."

"म्हणजे साळुंकी नव्हतीच?"

"होती की. शेजारच्यांची. शिट्टी मारायची. आणि बाबा ठणठणीत आहेत. पिंपरीत असतात. सतरा वर्षं माझ्याशी बोलत नाहीत, पण दमा नाही."

हे त्यांनी इतकं सहज सांगितलं, की ते खरं असावं असा मला संशय आला.

"मग तुमचं काही घेतलं नाही आम्ही," मी जरा हलका होऊन म्हणालो.

तेव्हा त्या पहिल्यांदा चिडल्या. आवाज न चढवता.

"काही घेतलं नाही? अरे, सहा वर्षं लागली मला ती करायला! आधी कुत्रा होता. कुत्र्याला कुणी रडत नाही, सगळ्यांच्या घरी असतो. मग साळुंकी आली. आधी आई पेला न्यायची, तांब्या दोन वर्षांनी सुचला. दोन छोटे, एक लांब यायला आणखी एक वर्ष. घरी आरशापुढे खोकायचे मी. माझ्याकडे येणारा माणूस शहाणा असतो, बाबा. बाकी सगळं मी इतरांनाही देते हे त्याला माहीत असतं, त्याचं काही म्हणणं नसतं. पण एक काहीतरी असं लागतं, की हे हिनं मलाच दिलं. तेवढ्याच एका गोष्टीवर माझं चालतं. आता वर शंभर माणसांनी ऐकली. आठ दिवसांत पुणं ऐकेल. उद्या मी 'आमच्या घरी' म्हटलं की समोरचा म्हणेल, साळुंकी ना?"

"दुसरी नाही?"

"हत्यारं काय भाजीसारखी मिळतात? उद्या सकाळी अकराला एक जण येतोय. तिसरी भेट. माणूस चांगला आहे, बायको गेलीय, टिकला तर दोन वर्षं टिकेल. तिसऱ्या भेटीला गोष्ट लागते. नाहीतर तो समजतो, ही बाई नुसती वेळ देतेय." त्यांनी खिचडीची बशी बाजूला सारली. "तू मोडलीस ना? मग तूच दे. लेखक व्हायचं होतं ना तुला?"

मी प्रयत्न केला. मी त्यांना एक आंधळे आजोबा दिले, जे रेडिओच्या आवाजावरून वेळ ओळखतात.

"पिक्चरमधलं वाटतं."

मी एक गाय दिली, जी विकल्यावर वीस किलोमीटर चालत परत येते.

"ही मलाच दोन क्लायंटनी सांगितलीय. घडवलेली नको. तुझ्या घरातली दे. जिला तू स्वतः कधी हात लावला नाहीस, अशी."

कँटीनमध्ये कुणीतरी पंखा बंद केला. मी कुणाला न सांगितलेली एकच गोष्ट माझ्याकडे होती. गोष्ट म्हणून ती मला कधी सुचलीच नव्हती.

"आमची साऊंड सर्व्हिस होती," मी म्हणालो. "मगदूम साऊंड. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे आमचाच माइक. वडील घरी बोलायचे नाहीत. फक्त माइकवर बोलायचे, तेही एक-दोन-तीन. आठवीत मी भाषणात भाग घेतला. वृक्षांचं महत्त्व. सगळं गाव समोर. मी म्हणालो, 'वृक्ष आपल्याला...' आणि पुढचं गेलं. पुन्हा म्हणालो, 'वृक्ष आपल्याला...' लोक हसायला लागणार, तेवढ्यात माइक बंद पडला. लोक वडिलांवर ओरडले. मगदूम, मशीन भंगारात घाल. हेडमास्तर सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. पुढच्या वर्षीपासून शाळेचं काम दुसऱ्याकडे गेलं. मी घरी येऊन म्हणालो, तुमच्या मशीनमुळे माझं बक्षीस गेलं. पुढे कितीतरी वर्षं म्हणत होतो."

"मग?"

"कॉलेजला असताना मी ते मशीन चालवायला शिकलो. ते बिघडलं की आधी खरखरतं. नेहमी. त्या दिवशी खरखर झाली नव्हती. आवाज हळूच खाली गेला होता. आणि आवाजाच्या बटणावर फक्त वडिलांचा हात असायचा."

ताईंनी चष्मा काढून ओढणीनं पुसला.

"वडील आहेत?"

"आहेत."

"गोष्टीत नसतील."

"ताई..."

"जिवंत बापावर कुणी रडत नाही, श्रेणिक. फोन करतात. वृक्ष काढून टाकू, कोरडं आहे ते. कविता म्हणत होते मी. हेडमास्तर ठेवू, हेडमास्तर चांगला आहे." त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होत्या. मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. खुर्ची थोडी तिरकी केली. मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा आवाज बदलला. मोठा नाही झाला, जवळ आला.

"आमचे बाबा माइकवाले होते," त्या म्हणाल्या. "घरी बोलायचे नाहीत..."

त्यांनी सगळं सांगितलं. माझंच. पण मी धावत गेलो होतो तिथं त्या थांबल्या. गॅदरिंगहून परत येताना बाबांनी सायकलला पुढं मशीन बांधलं आणि मागं त्या स्वतः बसल्या, तोंड फिरवून. मशीनचा एक कोपरा बाबांच्या गुडघ्याला प्रत्येक पायडलला लागत होता, आणि बाबा तो सरकवायला थांबले नाहीत, कारण थांबले असते तर बोलावं लागलं असतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. हे घडलं होतं की नाही, मला आठवत नव्हतं. आता आठवायला लागलं.

"मला कळलं तोवर ते गेले होते," ताई म्हणाल्या. "मशीन माझ्याकडे आहे. कधीतरी दार लावून घेते, चालू करते, आणि ते बटण त्यांच्यासारखं हळूच खाली आणून बघते. किती हळू आणावं लागतं, माहीत आहे? पोरीचं हसू व्हायच्या आत, आणि तिला कळणार नाही इतकं."

कँटीनवाला बशी उचलायला आला आणि माझं तोंड बघून न उचलताच गेला. मी बाहीनं नाक पुसत होतो. ते थांबत नव्हतं.

मृणालताईंनी चष्मा घातला, पुढे झुकल्या आणि माझा चेहरा जवळून, दोन्ही बाजूंनी तपासला.

"चालतंय," त्या म्हणाल्या.